अक्का, आधी गार पाणी

अक्का, तुझ्या शेवटच्या आंघोळीचं पाणी मीच काढलं. आधी गार, मग त्यात ऊन. इंदूबाई, तुझी थोरली जाऊ, ओट्यावर बसून सगळ्यांना हे आणा ते आणा करत होती, पण तिला मला काही सांगावं लागलं नाही. इतकी वर्षं माझा हात त्याच क्रमाला सरावलेला आहे. तू म्हणायचीस ना, "दत्त्या, तुज्या घरात रोज मयताची आंगूळ हुती." घे. या वेळी खरंच मयताची होती, आणि गावात माझ्याइतका सराईत हात दुसरा नव्हता.

हे असं बोलू नये, मला कळतं. तुझा दहावा अजून व्हायचाय. भिंगारच्या घरात तुझ्या जागेवर दिवा तेवतोय, आणि मी इथे कोल्हारला, दुकानाचं शटर अर्धं ओढून, तुझ्याशी भांडायला बसलोय. पण गोड बोललो असतो तर तूच म्हणाली असतीस, "काय पायजे रं तुला? येवढा गोड का झालास?"

भांडण तसं बादलीभर पाण्याचं. बाहेरच्या माणसाला सांगितलं तर तो हसेल. आपल्या घरची रीत अशी, की जिवंत माणसाच्या आंघोळीला आधी बादलीत ऊन पाणी घ्यायचं, मग त्यात गार ओतून ते अंगाला सोसेल असं करायचं. त्या गार पाण्याला आपण विसण म्हणतो. तू इसान म्हणायचीस. मेलेल्या माणसाला उलटं. आधी गार, आणि वरून ऊन. हे आईनं तुला सांगितलं, आणि आई गेल्यावर तू मला. मी पाच-सहा वर्षांचा असेन. तू न्हाणीच्या दगडावर मला बसवायचीस, उकळतं पाणी घंगाळात ओतायचीस, मग विसण. हात घालून बघायचीस आणि म्हणायचीस, "कोमट हाय." ते कधीच कोमट नसायचं. भाकऱ्या थापून, तव्यावरच्या हातानं उलटून तुझ्या हाताचं कातडं असं झालं होतं की त्याला ऊन लागायचंच नाही. मी ओरडलो की पाठीत धपाटा. "ऊन पान्याबिगर मळ न्हाई निघत." मी लालबुंद होऊन बाहेर यायचो आणि गल्लीतली पोरं विचारायची, आज काय केलंस म्हणून बडवलं?

तुझ्या हाताला कळत नव्हतं, अक्का. तेव्हाही आणि नंतरही. तुझं सगळं असंच होतं. दुसऱ्याला चटका बसतोय हे तुला कधी कळायचंच नाही, आणि कळलं तरी तू म्हणायचीस, कोमट हाय.

मग ती दिवाळी. तू दरवर्षीसारखी भाऊबीजेपर्यंत राहायला आली होतीस. पहिल्या आंघोळीचा दिवस. परसात बंब पेटवलेला, अनूला तू तेल-उटणं लावून पाटावर बसवलेलं. माझी तीन वर्षांची पोर. तू बंबाची तोटी सोडून बादली उकळत्या पाण्यानं अर्धी भरलीस आणि विसण आणायला हौदाकडे वळलीस. चार पावलं असतील. तेवढ्यात अनू उठली, उटण्याच्या पायानं घसरली, आणि तिचा डावा हात कोपरापर्यंत बादलीत गेला.

तो आवाज मी अजून ऐकतो. तूही ऐकत असशील, जिथे असशील तिथे.

तू धावलीस. अनूला उचलून हौदाशी नेलंस आणि तांब्यामागून तांब्या गार पाणी तिच्या हातावर ओतत राहिलीस. मी रिक्षा आणली तरी तू ओतत होतीस. सुनंदा ओरडत होती, "वन्सं, द्या तिला इकडं," आणि तू सोडत नव्हतीस. डॉक्टर नंतर म्हणाले की लगेच पाणी ओतलंत म्हणून हात एवढ्यावर निभावला, भाजलेल्यातली उष्णता गार पाण्यानं ओढून घेतली. हे सुनंदानं तुला सांगितलं. मी सांगितलं नाही. मी तुला दुसरंच सांगितलं. दवाखान्याच्या व्हरांड्यात, सगळ्यांसमोर. "तुझी रीत माझ्या पोरीच्या हातावर उमटली."

तू गप्प बसलीस असं आयुष्यात फार थोड्या वेळा झालं, आणि त्यातली ही एक मी घडवली.

त्या दिवसापासून आमच्या घरात नियम झाला. आधी गार. बादलीत गार पाणी असल्याशिवाय उन्हाची तोटी सोडायची नाही. मी न्हाणीच्या भिंतीवर पांढऱ्या रंगानं लिहूनही टाकलं होतं: आधी गार. पुढच्या खेपेला तू आलीस, ते वाचलंस आणि पदर खोचून बाहेर आलीस.

"ह्ये काय लिवलंय?"

"वाचता येतं ना तुला?"

"आरं, ही मयताची रीत हाय. भरल्या घरात कुनी आसं करतंय व्हय?"

"पाण्याला रीत कळत नाही अक्का. उन्हानं जेवढी उष्णता सोडली, तेवढी गारानं घेतली. आधी कोण पडलं न् मागून कोण, काही फरक नाही. शेवटी दोन्ही सारखंच."

तू कमरेवर हात ठेवून माझ्याकडे पाहिलंस. "दोनी सारकंच व्हय? मग माज्यासारकं कर की!"

सुनंदा पदराआड हसली होती. उत्तर मला रात्री अंथरुणावर पडल्यावर सुचलं: शेवटी सारखं, पण मधे सारखं नाही. मधे, विसण येईपर्यंत, बादलीत नुसतं उकळतं पाणी असतं, आणि पोर पडायचं ते त्या मधल्या वेळात पडतं. सकाळी हे तुला सांगायला उठलो, तर तू आंघोळ न करताच पहिल्या एस.टी.नं भिंगारला गेली होतीस. पुन्हा आपणहून कधी माझ्या न्हाणीत पाऊल टाकलं नाहीस. आलीस की सकाळी येऊन संध्याकाळी परत. मुक्काम नाही. मुक्काम केला तर आंघोळ करावी लागेल.

पुढे मी सोलर हीटरच्या धंद्यात पडलो. पाणी तापवणं हाच माझा व्यवसाय झाला, याच्यावरही तू बोलून घेतलंस: "लोकांला ऊन पानी इकतो, आन् सोताच्या घरात गार आधी." दाजी गेल्यावर मी तुझ्या भिंगारच्या घरावर सोलर बसवला. प्रेमानं बसवला असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं. थोडं प्रेम होतं. बाकीचं सांगतो. न्हाणीत मी मिक्सरचा नळ लावला, ज्यातून ऊन आणि गार एकत्रच येतं, म्हणजे आधी-मागचा प्रश्नच मिटावा. मला तुला हरवायचं होतं. महिन्यानं आलो तर तू त्या नळाच्या दांड्याला जुन्या लुगड्याची चिंधी करकचून बांधली होतीस, गार बाजूला वळूच नये म्हणून. उन्हाचा नळ सोडायचा, बादली भरायची, मग पिंपातलं विसण.

आणि मग मी ते बोललो. साधी गोष्ट आहे, सोलर वापरणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते. उन्हाचा नळ सोडला की आधी नळीत साठलेलं गार पाणीच येतं. ऊन मागून येतं. मी न्हाणीच्या दारात उभा राहून म्हणालो, "अक्का, एवढी चिंधी बांधलीस, पण हात लावून बघ. आधी गारच येतंय. तू रोज मयताचं पाणी घेतेस."

तुझा चेहरा उतरला. मी तो पाहिला आणि मला बरं वाटलं.

त्यानंतर तू ते पहिलं पाणी वेगळ्या घमेल्यात धरून झाडांना घालायला लागलीस, वाफ दिसेपर्यंत. पाणी चार दिवसांआड येणाऱ्या गल्लीत तू उन्हाच्या नळाखाली घमेलं लावून उभी राहायचीस, गुडघे दुखत असताना. शेजारच्या शमीमभाभीनं मला एकदा हटकलं होतं, "दत्ताभाई, तुमच्या अक्काला काय सांगितलंत तुम्ही? बिचारी सकाळी अर्धा तास उभी राहते." मी हसण्यावारी नेलं. तुझा हट्ट, मी काय करू, म्हणालो.

प्रयोगशाळेत गरम आणि थंड पाणी मिसळून मोजमाप करायला लावतात, तेव्हा पोरांचं उत्तर हमखास चुकतं, कारण ती भांडं विसरतात. पाण्याबरोबर भांडंही तापतं. आपल्या दोघांच्या भांडणात सुनंदा तापली, अनू तापली. दरवर्षी दिवाळीत अनू विचारायची, "आत्या राहत का नाही?" आणि सुनंदा माझ्याकडे बघायची. मी म्हणायचो, आत्याला घरी काम असतं. तुलाही हे दिसत होतं. तूही विचार केला नाहीस. सगळा दोष मी एकट्यानं घेणार नाही, अक्का, तू मेलीस म्हणून काय झालं.

आता गेल्या महिन्याचं बोलू. तेच बोलायचंय, बाकी सगळी टाळाटाळ.

नगरच्या दवाखान्यातून तुला सोडलं, तेव्हा एकटीला भिंगारला ठेवणं शक्य नव्हतं. तुला मूलबाळ नाही. मी गाडी करून कोल्हारला आणलं. घरी आल्यावर सुनंदा म्हणाली, वन्सं, दवाखान्याचा वास जाऊ द्या, आंघोळ घालते. तुला धरून तिनं न्हाणीत नेलं, स्टुलावर बसवलं. पाणी मी काढत होतो. भिंतीवरची अक्षरं आता पुसट झालीत, पण वाचता येतात. तू ती वाचलीस. मग माझ्याकडे बघितलंस. तुझा आवाज इतका बारीक झाला होता की मला वाकावं लागलं.

"दत्त्या, आज उलटं कर. आदी ऊन घे."

"अक्का, या घरात आधी गारच."

"माज्यापुरतं कर. म्या जित्ती हाय रं आजून."

घरात कुणी लहान मूल नव्हतं. अनू तिच्या कॉलेजच्या वसतिगृहात, नगरला. पडायला, घसरायला, हात घालायला कुणीच नव्हतं. बादली माझ्या हातात होती आणि सुनंदानं तुला धरलेलं होतं. ज्या मधल्या वेळाची मला इतकी वर्षं भीती, तो मधला वेळ त्या दिवशी कुणाच्याच वाट्याला येणार नव्हता. हे मला तेव्हाच, तिथेच माहीत होतं. आणि मी गार पाण्याचा नळ सोडला.

सुनंदा म्हणाली, "अहो!"

मी म्हणालो, "नियम म्हणजे नियम."

तू बादलीकडे बघत राहिलीस. मग सुनंदाला म्हणालीस, "फडक्यानं आंग पूस माजं. आंगूळ नको." दुसऱ्या दिवशी इंदूबाईच्या मुलाला फोन करून बोलावलंस आणि भिंगारला गेलीस. त्यानंतर मी तुला जिवंत पाहिलं नाही.

मला वाटलं होतं, तू परत बोलावशील. शिव्या द्यायला तरी. तू नेहमी द्यायचीस. या वेळी तू शिव्या दिल्या नाहीस, ही तुझी सगळ्यांत मोठी शिवी.

तू गेल्याचा फोन अनूनं केला. ती शनिवारी-रविवारी तुझ्याकडे असायची, हे मला माहीत होतं. तुझ्याकडे का जाते, काय करते, हे मी कधी विचारलं नव्हतं. आम्ही भिंगारला पोहोचलो तेव्हा गल्लीतले लोक जमले होते. माहेरची साडी भावानं आणायची, म्हणून मी बाजारात गेलो. दुकानदारानं माझ्या तोंडाकडे बघून घडी मोडून दाखवलीच नाही, नुसती कागदात गुंडाळून दिली. परत आलो तर अंगणात तीन विटांवर पातेलं चढवलेलं होतं, आणि दारात साडीचा आडोसा धरून बायका उभ्या होत्या. इंदूबाई ओरडली, "भाऊ कुटं गेला? पानी काडा!"

मी बादलीत गार पाणी घेतलं. पातेल्यातलं ऊन त्यात ओतलं. हात घालून पाहिला. कोमट होतं, खरंच कोमट. माझ्या हाताला कळतं. माझ्या मनात आलं, आज पहिल्यांदा तुझं न् माझं एकमत झालं. हे मनात आलं आणि त्यात मला थोडी मजाही वाटली, अक्का, हे तुझ्यापासून लपवत नाही. मी बादली आडोशापर्यंत नेऊन ठेवली.

आतून अनू आली. तिनं बाही वर केली होती. डाव्या हातावरचा तो गुळगुळीत, चुरगळलेल्या कागदासारखा डाग उघडा होता. एरवी ती तो झाकून ठेवते. तिनं पिंपातून एक तांब्या गार पाणी घेतलं आणि बादलीत वरून ओतलं.

इंदूबाई किंचाळली. "आगं ये! वरनं इसान घातलंस व्हय? ह्ये जित्त्या मानसाचं झालं!"

"होऊ दे," अनू म्हणाली.

"कुनी शिकवलं तुला आसलं?"

"आत्यानंच." मग ती माझ्याकडे वळली. रडत नव्हती. "बाबा, ती माझ्यासाठी असंच पाणी काढायची. दर रविवारी, न्हायच्या वेळी. आधी गार, त्यात ऊन, आणि वरून एक तांब्या परत गार. म्हणायची, खाली तुज्या बापाचं, वर माजं. दोगंबी गप."

माझ्या तोंडातून एवढंच आलं, "मला का नाही सांगितलं?"

"नको म्हणाली. म्हणाली, त्याला वाटंल म्या हारले."

अनूनं बादली उचलून आत नेली.

खरं सांगू? मला तसंच वाटलं असतं. मी कोल्हारभर सांगितलं असतं की अक्का अखेर गारावर आली. तुला मी पक्का ओळखतो असा माझा समज होता, पण तूच मला जास्त ओळखत होतीस. म्हणून माझा राग कमी झालेला नाही. उलट वाढलाय. पोरीसाठी तुला वाकता आलं, आणि वाकूनही स्वतःची रीत सांभाळता आली, मग माझ्यासमोर काय झालं होतं? त्या दिवशी स्टुलावर बसून एवढं तरी म्हणायचं होतंस, की दत्त्या, तुझं गार घे खाली, पण वरून एक तांब्या घाल. मी घातला असता. की नसता घातला? हे आता मला कधीच कळणार नाही, आणि ते न कळणं तू माझ्यावर टाकून गेलीस. मोकळी झालीस.

स्मशानातून परत आल्यावर पुरुषांच्या आंघोळी झाल्या. माझा नंबर शेवटी लागला. तुझ्या न्हाणीत मी एकटा. मिक्सरच्या दांड्यावर तुझी चिंधी तशीच, तीन गाठींची. मी उन्हाचा नळ सोडला आणि सवयीनं हात खाली धरला. गार पाणी. सोडून द्यायचं म्हणून खाली बघितलं, तर नळाखाली तुझं घमेलं लावलेलंच होतं. मी वाट बघत उभा राहिलो. किती वेळ लागतो, अक्का! मी स्वतः बसवलेली नळी, एवढी लांब असेल असं कधी वाटलं नव्हतं. तुझे गुडघे घेऊन तू रोज इथे उभी राहायचीस, माझ्या एका वाक्यापायी. घमेलं काठोकाठ भरलं, मग वाफ आली.

मी बादली पुढे घेतली. आधी पिंपातलं गार घेतलं. ते मी सोडणार नाही, तू कितीही बोल. पोरीचा हात मी पाहिलाय. त्यावर ऊन घेतलं. पिंपावर तुझा तांब्या पालथा घातलेला होता. तो भरला, आणि बराच वेळ हातात धरून उभा राहिलो.

बाहेरून इंदूबाई ओरडली, "आवो, झालं का न्हाई? पानी निवंल!"

मी तांब्या ओतला. पाणी अंगावर घेतलं. ना ऊन, ना गार, बरोबर अंगाला सोसेल असं होतं.

एका तांब्याचं काम होतं, अक्का.

बाहेर येऊन घमेल्यातलं पाणी तुझ्या झाडांना घातलं.